वारीचा ऋतू कोणता?

तिथी पंचांगाची, पाऊस आभाळाचा आणि पेरणी वारकऱ्याची

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून श्रीतुकाराम महाराजांची आणि अष्टमीला आळंदीहून श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी प्रस्थान ठेवते. आणि आषाढ शुद्ध एकादशीला चंद्रभागेच्या वाळवंटात वैष्णवांचा मेळा जमतो. हा क्रम महाराष्ट्राच्या इतका अंगवळणी पडला आहे की, ही तिथी नेमक्या कोणत्या ऋतूत येते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. आषाढी म्हटली की पाऊस हे समीकरण आपल्या मनात ठरून गेलेले असते. भिजलेल्या पताका, चिखलाने माखलेली पावले आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली माउली, हेच वारीचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते.

अलीकडच्या काही वर्षांनी मात्र हे समीकरण विस्कटून टाकले आहे. २०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला आली. ११ जूनला आळंदीहून पालखी निघाली तेव्हा मोसमी पाऊस कोकणाच्या दक्षिण भागातच अडखळून राहिला होता. दिवे घाट वारकऱ्यांनी उन्हात चढला. अखेर २५ जूनला मोसमी पाऊस मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी पोहोचला. असा योग १९६१ नंतर प्रथमच आला असे वेधशाळेच्या नोंदी सांगतात. तोवर वाटचाल बहुतांशी आटोपली होती. २०२५ साली नेमके उलट घडले. त्या वर्षी २६ मे रोजीच पाऊस मुंबईत दाखल झाला. इतक्या लवकर तो आल्याची पूर्वी नोंद नाही. आषाढी होती ६ जुलैला, आणि प्रस्थानापूर्वीच इंद्रायणीला पाणी चढले होते. दोन वर्षांच्या अंतराने तीच तिथी, तीच वाट आणि तेच मुक्काम. परंतु ऋतू मात्र दोन निराळे.

म्हणूनच, पायी वारीला कोणता काळ उत्तम, हा प्रश्न आता केवळ हौशी प्रवाशाचा राहिलेला नाही. पहिल्यांदा वारीला निघणारा नोकरदार तो विचारतो, साठी उलटलेली आजी विचारते, आणि ज्याचे शेत अजून पेरावयाचे आहे असा वारकरी तर तो स्वतःशीच रोज विचारीत असतो. काही विचारवंत याहून पुढे जाऊन, वारीचा काळच बदलावा काय, असेही सुचवू लागले आहेत. या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पंचांगाचे गणित

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, आषाढी ही ऋतूवर नव्हे, तर चंद्रावर बांधलेली तिथी आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. ते सौरवर्षाहून अकरा दिवसांनी तोकडे असल्याने प्रत्येक एकादशी दरसाल तितकी मागे सरकते. आणि सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणारा अधिक मास तिला पुन्हा पुढे ढकलतो. या मागेपुढे होण्यात आषाढी एकादशी जूनच्या अखेरीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत झोके घेते. २०२३ साली ती २९ जूनला होती, २०२४ साली १७ जुलैला, २०२५ साली ६ जुलैला. अधिक ज्येष्ठ असल्यामुळे २०२६ साली ती २५ जुलैला येते. २०१५ साली अधिक आषाढामुळे ती २७ जुलैपर्यंत लांबली होती. म्हणजे आळंदीचे प्रस्थान कधी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, तर कधी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. या दोहोंतील अंतर जवळजवळ चार आठवड्यांचे आहे, आणि महाराष्ट्राच्या हवामानात ते चार आठवडे म्हणजे उन्हाळा आणि पावसाळा यांतील अंतर होय.

यावरून सामान्य वाचकालाही उपयोगी पडेल असा एक ठोकताळा बांधता येतो. ज्या वर्षी अधिक मास श्रावणात किंवा त्यानंतर येतो, त्या वर्षी आषाढी लवकर येते; अशी वारी उन्हाची होण्याचा संभव अधिक. ज्या वर्षी चैत्र ते आषाढ यांपैकी एखादा महिना अधिक असतो, त्या वर्षी आषाढी उशिरा येते; ती वारी निश्चितपणे पावसाची समजावी. घरच्या दिनदर्शिकेवर एक नजर टाकली तरी इतके कळते, परंतु पंचांग वाचणाऱ्यांपैकीही फार थोडे जण या दृष्टीने ते पाहतात.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. आपली पंचांगे निरयन वर्षावर चालतात, आणि ते वर्ष ऋतूंच्या वर्षाहून काही मिनिटांनी मोठे आहे. त्यामुळे साधारणतः सत्तर वर्षांत एक दिवस या मानाने तिथी ऋतूंच्या पुढे सरकत राहते. ज्ञानदेवांनी समाधी घेतली ती शके १२१८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९६ मध्ये. तेव्हापासून आजवर हा फरक सुमारे दहा दिवसांचा झाला. त्या काळातील आषाढी सरासरीने आजच्यापेक्षा दहा दिवस उन्हाळ्याच्या जवळ होती. ऋतू आणि तिथी यांची गाठ कधीच कायमची बांधलेली नव्हती, हे यावरून दिसते.

चातुर्मासाचे दोन उंबरठे

असे असताही पूर्वजांनी हा काळ का निवडला असावा? याचे उत्तर आमच्या मते चातुर्मासात आहे. पावसाळ्यात संन्याशाने, जैन मुनीने, बौद्ध भिक्षूने एका ठिकाणी राहावे, भ्रमण करू नये, हा या भूमीचा फार जुना दंडक. नर्मदेची परिक्रमा करणारेही चातुर्मासात जेथे असतील तेथे थांबतात. या सर्वांच्या तुलनेत वारकरी भर पावसात चालतो असा समज आहे. वस्तुतः देवशयनी एकादशी ही चातुर्मासाच्या आरंभाची तिथी. आणि वारी त्या दिवशी पंढरीला पोहोचून संपते. कार्तिकी ही प्रबोधिनी एकादशी, म्हणजे चातुर्मासाच्या समाप्तीची. दार लागण्यापूर्वीची एक भेट आणि दार उघडल्यावरची दुसरी, असे हे चार महिन्यांचे दोन उंबरठे आहेत. जातानाची वाट पावसाच्या तोंडावर व्हावी, हाच या योजनेचा स्वाभाविक अर्थ होय. गोपाळकाल्यानंतर माउलींची पालखी परत फिरते, ती सुमारे दहा दिवसांत, लांब मजला मारीत, मोजक्याच लोकांसह. परतीच्या या वाटेची छायाचित्रे वृत्तपत्रांत क्वचितच येतात. पावसाचा खरा मार तीच अधिक सोसते.

भूगोलही या निवडीस अनुकूल आहे. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट सह्याद्रीच्या सावलीतून बाहेर पडत आग्नेयेकडे उतरते. दिवे घाट चढून सासवड, जेजुरी मागे टाकली आणि नीरास्नान झाले की लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर हा सारा अवर्षणाचा मुलूख. येथील वार्षिक पाऊस सुमारे पाचशे मिलिमीटर, आणि त्यातलाही मोठा वाटा भाद्रपदात पडणारा. म्हणजे वारकरी पावसातून पावसात जात नाही. तो पावसाकडून कोरडवाहू मुलखाकडे जातो. मोसमी पाऊस वेळेवर आला असेल, तर ढगांचे छत्र डोक्यावर, पश्चिमेचा वारा पाठीशी आणि अधूनमधून एखादी सर, अशी ही चाल असते. मे महिन्यात चाळिशीला टेकणारा सोलापूर जिल्ह्याचा पारा जुलैत साधारणतः बत्तिशीच्या आसपास उतरलेला असतो. पायी चालणाऱ्यास याहून अनुकूल काळ या मुलखात पावसाळ्यापूर्वी सापडणे कठीण. सारी मदार आहे ती पाऊस वेळेवर येण्यावर.

पेरणी आणि पंढरी

परंतु हवामानापेक्षाही या काळाचा खरा संबंध आहे तो शेतीशी. वारकरी हा संन्यासी नव्हे. तो प्रपंच करणारा, आणि बहुधा शेती करणारा माणूस. ७-८ जूनला मृग लागतो, २१-२२ जूनला आर्द्रा. मृगाचा पाऊस व्हावा, वाफसा यावा, चाड्यावर मूठ धरून पेरणी उरकावी, आणि रोप वर येऊन कोळपणी-खुरपणीची वेळ येईपर्यंतचे तीन आठवडे पांडुरंगाला द्यावेत, असा हा शेतकऱ्याचा हिशेब. पेरलेले रान देवावर सोपवून देवाकडेच जाण्यात एक गाढ समाधान आहे. ते समाधान हाच आषाढी वारीचा ऋतू, असे म्हणण्यास हरकत नाही.

हा हिशेब चुकतो तेव्हा काय होते, हे आम्ही २०२३ च्या जूनमध्ये लोणंदच्या तळावर पाहिले. मराठवाड्यातून आलेले एक वृद्ध वारकरी झाडाखाली बसले होते. सोयाबीनच्या बियाण्याची पोती घरात तशीच पडून होती. तळावर पोहोचताच ते रोज घरी फोन करीत आणि एकच प्रश्न विचारीत: पाऊस झाला का? झाला असता, तर वाट अर्धी सोडून पेरणीसाठी परतावे लागले असते. झाला नसता, तर पंढरी घडली असती, पण वर्ष हातचे गेले असते. विठ्ठलापाशी पाऊस मागावा की मागू नये, याचाच आपल्याला संकोच वाटतो, असे त्यांनी आम्हांस सांगितले. तीस वर्षे वारी करणाऱ्या माणसाला देवाकडे काय मागावे हे कळू नये, यापरते ऋतुचक्र बिघडल्याचे दुसरे प्रमाण कोणते?

विदर्भ-खानदेशातून येणाऱ्यांची अवस्था याहून बिकट असते. शेगावहून गजानन महाराजांची, मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी महिनाभर आधीच निघते. लवकर आलेल्या आषाढीच्या वर्षी त्यांची वाटचाल वैशाखाच्या वणव्याला लागूनच सुरू होते, आणि पेरणीचा सारा हंगाम वाटेवरच उलटतो. त्यांच्या बाबतीत मृग आणि पंढरी यांचा मेळ बसवणे हे मोसमी पावसाच्या मर्जीवर पूर्णतः अवलंबून असते.

चार वाऱ्या, चार ऋतू

येथे आपल्या परंपरेतील एका शहाणपणाचे स्मरण करून देणे आवश्यक आहे. पंढरीच्या वाऱ्या चार आहेत: चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी. आषाढीच्या वैभवापुढे बाकीच्या तीन झाकोळून गेल्या, आणि वारी म्हणजे आषाढीच असे शहरी माणसाने ठरवून टाकले. वास्तविक या चार तिथी म्हणजे चार ऋतू होत, आणि ज्याने त्याने आपल्या देहाचा व कामाचा विचार करून त्यांतून निवड करावी, याला परंपरेची कधीच आडकाठी नव्हती.

चैत्री येते एप्रिलच्या सुमारास. रब्बीची मळणी उरकल्यामुळे शेतकरी मोकळा असतो. याच दिवसांत शिखर शिंगणापूरच्या कावडी मुंगी घाट चढतात. परंतु ऊन मात्र निर्दय. लांबच्या पायी प्रवासाला हा काळ तरण्या व सरावलेल्या माणसानेच निवडावा, आणि त्यानेही पहाटे व सायंकाळीच चालावे.

कार्तिकी येते नोव्हेंबरच्या आगेमागे. खरीप घरात आलेला, ज्वारी पेरून झालेली, ओढ्यानाल्यांना पाणी, रस्ते कोरडे, रात्री किंचित गारठा. देहाच्या दृष्टीने पाहता पायी चालण्याला याहून उत्तम काळ नाही. पहिल्यांदा चालू पाहणाऱ्याने आणि वृद्धांनी कार्तिकीचाच विचार करावा, असे आम्ही निःशंकपणे सुचवितो. आषाढीचा पालखी सोहळा तेव्हा नसतो हे खरे. परंतु दिंड्या असतात, भजन असते, आणि एकादशीनंतर पांडुरंगाच्या पादुका माउलींच्या समाधी सोहळ्यासाठी आळंदीकडे निघतात. भक्त देवाकडे जातो ती आषाढी, आणि देव भक्ताकडे जातो ती कार्तिकी. हा भाव ज्याला उमगला, त्याला कार्तिकी दुय्यम वाटणार नाही.

तरीही कार्तिकी सर्वांची होऊ शकत नाही. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम याच सुमारास सुरू होतो, आणि बीडसारख्या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे कोयता घेऊन फडावर गेलेली असतात. त्यांच्या वाट्याला आषाढीच येते. शिवाय परतीचा पाऊसही आता बेभरवशाचा झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२० रोजी पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचे प्राण गेले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने सोलापूर जिल्ह्यातील उभी पिके वाहून नेली. रान खरवडून गेलेल्या शेतकऱ्याला कार्तिकीची हवा आल्हाददायक आहे, असे सांगणे ही क्रूर थट्टाच ठरेल.

राहिली माघी. जानेवारीच्या अखेरीस वा फेब्रुवारीत येणारी ही वारी कोरडी, थंड आणि त्या मानाने कमी गर्दीची. ज्यांना गर्दीचे भय वाटते आणि ज्यांच्या सांध्यांना ओल सोसत नाही, त्यांनी माघीकडे वळावे. आषाढीची पुण्याई माघीला नाही, असे कोणत्याही संताने म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

तिथी हलवावी काय?

आता उरतो तो कठीण प्रश्न. ऋतू बदलला, तर तिथी का बदलू नये? हा विचार नवा नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांसारख्या ज्योतिर्विदांनी एकोणिसाव्या शतकातच पंचांग ऋतूंशी जुळवून घेण्याचा, म्हणजे सायन गणनेचा, पुरस्कार केला होता. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीच्या शिफारशींवरून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून सरकारी व्यवहारात आली. वारकऱ्याची एकादशी मात्र तिने हलवली नाही. आणि ती हलवावी असे आम्हांसही वाटत नाही.

याचे कारण केवळ श्रद्धेचे नाही. ज्या आपत्तीवर तिथीचा बदल हा उपाय म्हणून सांगितला जातो, ती आपत्ती मुळात तिथीची नाहीच. २०२३ साली पाऊस उशिरा आला, २०२५ साली तो पंधरा दिवस आधी आला. ज्याची ये-जाच अनिश्चित झाली, त्याच्या भरवशावर तिथी कोठे नेऊन ठेवणार? आठ दिवस पुढे ढकलावी, तर उजनी आणि वीर धरणांतून सोडलेल्या पाण्याने चंद्रभागेचे वाळवंट बुडण्याची भीती. मागे घ्यावी, तर उन्हाची. हजयात्रेची तिथी शुद्ध चांद्र गणनेची असल्यामुळे ती सर्व ऋतूंतून फिरते. २०२४ च्या जूनमध्ये मक्केतील पारा पन्नास अंशांपलीकडे गेला आणि १,३०१ मृत्यू झाल्याचे तेथील शासनानेच सांगितले. काही वर्षांनी ती यात्रा आपोआप हिवाळ्यात जाईल. आपली आषाढी अधिक मासाने जखडलेली असल्यामुळे तिला अशी सुटका नाही. ती ग्रीष्म आणि वर्षा यांच्या सांध्यावरच राहणार.

शिवाय परंपरेने आपली लवचीकता कोठे दाखवावयाची हे आधीच दाखवून दिले आहे. २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे पायी सोहळा झाला नाही. संतांच्या पादुका एस. टी.च्या बसमधून पंढरीकडे नेण्यात आल्या. तिथी राहिली, चालण्याची रीत बदलली. नारायण महाराजांनी १६८५ च्या सुमारास सुरू केलेला पालखी सोहळा आणि हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या सोहळ्याला दिलेली शिस्त, ही दोन्ही त्या त्या काळातील नवी व्यवस्थाच होती. व्यवस्था बदलणे हे परंपरेच्या विरुद्ध नाही. ते परंपरेचेच काम आहे.

करावयाचे काय?

म्हणून आमचे म्हणणे असे की, तिथी पंचांगावर सोडावी, परंतु तयारी आभाळाकडे पाहून करावी. आजवर शासन आणि सोहळाप्रमुख दरसाल एकच आराखडा पुढे ठेवतात. फरक पडतो तो तारखांचा. यापुढे आराखडे दोन हवेत, एक उन्हाच्या वारीचा आणि एक पावसाच्या वारीचा. वेधशाळेचे दोन आठवड्यांचे अंदाज आता उपलब्ध असतात. प्रस्थानापूर्वी आठवडाभर त्यांवरून कोणता आराखडा अमलात आणावयाचा, हे जाहीर करावे.

उन्हाच्या वारीत प्रस्थानाची वेळ पहाटेकडे ओढावी, दुपारचा विसावा लांबवावा, टँकरची संख्या वाढवावी, आणि दर काही मैलांवर सावलीचे मांडव व मीठ-साखरेचे पाणी असावे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथील उघड्या मैदानावरच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा जणांचा मृत्यू झाला, हे महाराष्ट्राने विसरता कामा नये. पावसाच्या वारीत तंबूंखाली मुरूम टाकून तळ उंच करावेत, शाळा-मंगल कार्यालये मुक्कामासाठी मोकळी करावीत, आणि धरणांतून पाणी सोडण्याचे वेळापत्रक पंढरपूरच्या यात्रा नियोजनाशी जोडावे. पूर्वीचे घोंगडे आणि इरले गेले, प्लास्टिकचा कागद आला. तो ओला कपडा वाळवीत नाही, हे दिंडीप्रमुखांनी ध्यानी घ्यावे.

रस्त्याचेही तसेच. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी ज्ञानेश्वर व तुकाराम महाराज पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु रुंदीकरणात जी जुनी झाडे गेली, त्यांची सावली पदपथाने भरून निघत नाही. वडाचे रोप आज लावले, तर वीस-पंचवीस वर्षांनी एखादी दिंडी त्याखाली विसावेल. ते लावणे ही पालखी मार्गाची खरी पूर्तता होय.

आणि शेवटी वारकऱ्याची पेरणी. लवकर आलेल्या आषाढीच्या वर्षी जो शेतकरी वाटेवर असतो, त्याच्या गावी पाऊस पडला तर त्याचे रान कोण पेरणार? हा प्रश्न शासनाचा नव्हे, गावाचा आहे. भावकीतल्या चौघांनी, तरुण मंडळाने, वारीला गेलेल्याचे रान पेरून देण्याची रीत जेथे आहे तेथे ती टिकवावी, जेथे नाही तेथे ती घालावी. वारीला न जाता वारी घडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही. असे झाले, तर लोणंदच्या तळावरच्या त्या म्हाताऱ्याला पुढल्या खेपेला विठ्ठलापाशी पाऊस मागताना संकोच वाटणार नाही.